घोटा ही किरकोळ बाब

२ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७.३०

आज दुकानात शिडीवरून उतरताना शेवटची पायरी उतरलो असं वाटलं. ती शेवटून दुसरी होती. उजवा पाय आत वळला आणि 'कट्' असा आवाज आला. शिडीचा असावा.

नेमकं त्याच वेळी गिऱ्हाइकाला सांगत होतो की सव्वीस वर्षं या शिडीवर चढतोय, पण एकदाही... पुढचं वाक्य जमिनीवर बसून पूर्ण केलं. गिऱ्हाईक बूट न घेता गेलं. माणसाला घाई असते.

फ्रॅक्चर नाही. बोटं हलतात. बोटं हलली की हाड शाबूत असतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. डॉक्टरकडे जायचा प्रश्नच नाही. चपला-बुटांच्या धंद्यात केस पांढरे केलेल्या माणसाने पायासाठी डॉक्टर गाठायचा म्हणजे न्हाव्याने दाढीला वस्तरा उसना मागायचा.

घरी तिसऱ्या मजल्यावर चढून आलो. बावन्न पायऱ्या. लिफ्ट नाही. चढलो म्हणजे बरा आहे, हे सिद्ध झालं.

ही म्हणते बर्फ लावा, फडक्यात गुंडाळून, आणि पाय उशांवर उंच ठेवा. मी गरम पाण्याची पिशवी मागितली. ताज्या मुरगळण्याला शेक द्यायचा नसतो असं हिने कुठेतरी वाचलंय. वाचन वेगळं, अनुभव वेगळा. शेकून घेतलं.

संकल्प: गुरुवारी दुकानात.

३ मार्च, मंगळवार. सकाळी ८

सूज दुप्पट. म्हणजे शेक लागू पडला, आतलं सगळं बाहेर येतंय. रंग जांभळा, कडेने पिवळसर हिरवा. या शेडची लेडीज सँडल एका वर्षी मागवली होती. एक जोड खपला नाही.

दुकानाच्या किल्ल्या हिने नेल्या. दोन दिवसांचा प्रश्न आहे. अर्धा नंबर आहेच सोबत. हा आमचा जुना सेल्समन. माप कोणाचंही असो, हा हळूच म्हणतो, अर्धा नंबर मोठा घ्या. म्हणून हे नाव पडलं. मी त्याला वीस वर्षं समजावतोय की बूट घट्टच द्यायचा, चामडं सैल होतं. सैल बूट दिला तर तो आणखी काय होणार? त्याच्या डोक्यात शिरत नाही. मी नसताना हा काय गोंधळ घालेल या काळजीने पाय जास्त ठणकतो.

३ मार्च. दुपारी ४

तळमजल्यावरचा गोलकीपर येऊन गेला. तरुणपणी फुटबॉलच्या गोलमध्ये उभा राहायचा. बिल्डिंगमधली सगळी मुरगळलेली, लचकलेली माणसं त्याच्याकडे जातात. त्याने तेल लावून घोटा चोळला, मग टाच एका हातात, चवडा दुसऱ्या हातात धरून एकदाच ओढलं. म्हणाला, बसला जागेवर.

मी ओरडलो वगैरे नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई धावत वर आल्या, त्या दुसऱ्या कशासाठी आल्या असतील.

५ मार्च, गुरुवार

दुकानात गेलो नाही. गुरुवार हा शब्द मी ढोबळ अर्थाने वापरला होता.

६ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६

हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. माझ्या इच्छेने नाही. अर्धा नंबर आणि गोलकीपर यांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेलं. जिन्याच्या वळणावर खुर्ची फिरवावी लागते, त्यामुळे दीड मजला मी पाठमोरा उतरलो. लोक दारं उघडून बघत होते. एका लहान मुलीने टाटा केलं. मी पण केलं.

एक्स-रे निघाला. बाहेरच्या बाजूचा लिगामेंट फाटलाय आणि घोट्याच्या हाडाला बारीक चीर आहे. मी म्हटलं, पण बोटं हलतात. डॉक्टर म्हणाले, बोटांचं हाड मोडलेलंच नाही, ती का हलणार नाहीत? मग विचारलं, शेक कोणी दिला, चोळलं कोणी? गोलकीपर बाहेर पाणी प्यायला गेला.

चार आठवडे प्लास्टर. पाय टेकवायचा नाही. कुबड्या. त्यानंतर व्यायाम.

जाता जाता डॉक्टरांनी चांगला पायसुद्धा बघितला. विचारलं, सकाळी उठल्यावर टाच दुखते का? म्हटलं, अजिबात नाही, पहिली दहा पावलं फक्त भिंत धरून टाकतो, मग चालायला लागतो. कधीपासून? म्हटलं, सहा-सात वर्षं, सवय आहे ती. डॉक्टरांनी हिच्याकडे बघितलं. हिने छताकडे बघितलं. करंगळीवर भोवरी आहे, दुसरं बोट वाकडं आहे, हेही त्यांनी कागदावर लिहिलं. एका घोट्यासाठी गेलो, घरी पाच दुखणी घेऊन आलो. यांचा धंदाच तो.

संकल्प: चार आठवडे म्हणजे सामान्य माणसाला. मला अडीच.

९ मार्च, सोमवार

दुकानात चौदा वेळा फोन केला. सहा वेळा उचलला. ही म्हणाली, गिऱ्हाईक आहे, ठेवते. सहाही वेळा हेच. इतकं गिऱ्हाईक आपल्या दुकानात कधीच नसतं. काहीतरी लपवतायत.

१० मार्च, मंगळवार

स्वयंपाकघराच्या खिडकीतून, ओट्याला टेकून, मान डावीकडे पूर्ण वळवली तर दुकानाची पाटी दिसते, असा शोध लागला. 'पादत्राण भांडार' अशी पाटी आहे, पण मध्ये विजेचा खांब येतो. त्यामुळे फक्त 'पाद' एवढंच दिसतं. सव्वीस वर्षांची अब्रू आणि नेमकी ही दोन अक्षरं.

तरी दिवसभर बघत होतो.

१३ मार्च, शुक्रवार

प्लास्टरच्या आत खाज. ही विणायची सुई देत नाही, डॉक्टरांनी आत काही घालू नका म्हणून सांगितलंय. मी फूटपट्टी घातली. अर्धी आत राहिली.

१४ मार्च, शनिवार

डॉक्टरांनी प्लास्टर कापून फूटपट्टी काढली आणि नवीन घातलं. पुन्हा खुर्ची, पुन्हा दीड मजला पाठमोरा. ती मुलगी आता वाट बघत उभी असते.

१७ मार्च, मंगळवार

दुकानासाठी लेखी सूचना काढायला सुरुवात केली. सूचना क्र. १: शिडीला हात लावू नये. क्र. २: दोन्ही पायांत बूट घालून बघू देऊ नये, एकाच पायात द्यावा, दोन्ही घातले की माणूस विचार करायला लागतो. क्र. ३: 'टोचतंय' म्हटलं की 'सैल होईल' म्हणावं. क्र. ४ ते ११ सोबत.

संध्याकाळी हिला दिल्या. हिने वाचल्या. घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवल्या. टेबल डुगडुगायचं थांबलं, हे मान्य केलं पाहिजे.

ही लग्नाआधी शिवणकाम करायची. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. तीच सवय दुकानात नेलीय म्हणे. कंपनीने कधीकाळी दिलेली पाय मोजायची लोखंडी पाटी हिने शोधून काढली. ती मी दार अडवायला वापरत होतो. म्हणजे आता दार धाडधाड आपटत असणार. तिकडे कोणाचं लक्ष आहे?

२० मार्च, शुक्रवार

आज दुकानातून एकदाही फोन आला नाही. अडचण आल्याशिवाय माणूस फोन करत नाही, असं एखादा म्हणेल. मी माणसं ओळखतो. इतकी मोठी अडचण आली असणार की सांगायची छाती होत नाही.

संकल्प: रविवारी स्वतः जाऊन बघणे. कोणाला न सांगता.

२२ मार्च, रविवार. संध्याकाळी ७

सविस्तर लिहिणं भाग आहे.

ही साडेदहाला दुकानात गेली. अकराला मी निघालो. योजना साधी होती. बसून उतरायचं, एका वेळी एक पायरी, प्लास्टर पुढे धरून. पायरीला अर्धं मिनिट, बावन्न पायऱ्यांना सव्वीस मिनिटं. कुबड्या हातात अडचण करतात म्हणून पुढच्या पायरीवर ठेवल्या. त्या तिथे थांबल्या नाहीत. तळमजल्यापर्यंतचा आवाज ऐकला.

एकोणीस पायऱ्या उत्तम झाल्या. विसाव्या पायरीवर मांडीत गोळा आला. पुढे जाता येईना. वर जायचं म्हणून हात मागे टेकले तर तेही जमेना. प्लास्टरचा पाय लोंबता ठेवला की आतून फुगल्यासारखा होतो, उचलून धरला तर दुसरी मांडी ओरडते. बसून राहिलो.

सव्वादोन तास बसलो होतो. या जिन्याला एवढी भिंत आहे हे मला माहीत नव्हतं. येणारे-जाणारे विचारत होते, काय, इथेच? मी म्हणायचो, हवा खातोय. जिन्यात खिडकी नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई बाजारात निघाल्या होत्या, त्या म्हणाल्या, बसलाच आहात तर आमचं कुरियर घ्याल का? तीन कुरियर माझ्या सहीने उतरले. खाली गोलकीपरला कुबड्या सापडल्या. कोणीतरी टाकून दिल्या समजून त्याने त्या घरात नेऊन पुसून ठेवल्या.

शेवटी ही जेवायला आली. वर बघितलं आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. विचारलं, खाली काय आहे? म्हटलं, दुकान. म्हणाली, ते मी रोज उघडते, रोज बंद करते, एक दिवस खाडा नाही. मग तुम्ही काय बघायला निघाला होता? म्हटलं, चाललंय की नाही ते. ती म्हणाली, आणि चालत असलं तर?

जिना अरुंद आहे, दोन माणसं शेजारी बसली की वाट अडते. आम्ही तसेच बसून होतो. मग तिने माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, उंच राहावा म्हणून. पाय हलका झाला.

चौघांनी वर आणलं. या वेळी तोंड पुढे होतं.

२३ मार्च, सोमवार

गोलकीपरने कुबड्या परत केल्या. रबरी टोपण एक कमी आहे.

३ एप्रिल, शुक्रवार

प्लास्टर निघालं. पाय ओळखीचा वाटला नाही. बारीक, पांढरट, सालं निघालेला. दुसऱ्या कोणाचा तरी आणून लावल्यासारखा.

डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, आता पट्ट्यांचा बूट घालून थोडं थोडं टेकवा आणि व्यायाम करा. नाहीतर घोटा असाच ताठ राहील आणि पुन्हा पुन्हा मुरगळेल. चालायला मी जन्मल्यानंतर वर्षभरात शिकलो होतो. पुन्हा शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येणार आहे.

संकल्प: ६ तारखेला दुकान.

६ एप्रिल, सोमवार

फिजिओ आली. वयाने माझ्या मुलीएवढी असावी, मुलगी असती तर. तिने तक्ता दिलाय. टॉवेल चवड्यात अडकवून स्वतःकडे ओढायचा. बाटली गोठवून तळव्याखाली फिरवायची, ती टाचेसाठी. आणि पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरं काढायची, क पासून ज्ञ पर्यंत, दिवसातून तीनदा. प्रत्येक वेळी खूण करायची.

मी बुद्धिमान माणूस आहे. पूर्ण आठवड्याच्या खुणा आजच करून टाकल्या. रोजचा वेळ वाचला.

१० एप्रिल, शुक्रवार

फिजिओने तक्ता बघितला. म्हणाली, वा, रविवारचे व्यायामसुद्धा झाले का? आज शुक्रवार आहे. मी म्हटलं, पुढे राहायची सवय आहे. तिने हवेत 'क' काढून दाखवायला सांगितलं. 'क'ची दांडी आली. गोल करताना घोटा वळेना, गुडघाच फिरायला लागला. ती शांतपणे म्हणाली, काका, हा 'क' नाही, ही नुसती रेघ आहे.

मग चांगल्या पायावर उभं राहायला सांगितलं, फक्त दहा सेकंद. तिसऱ्या सेकंदाला कपाट धरलं. कारण विचारलं तर म्हणाली, बोटं पसरतच नाहीत तुमची, चिकटून राहिलीत, एकमेकांवर चढलीत. बूट कुठल्या नंबरचा घालता?

आठ, म्हटलं. कॉलेजपासून आठ.

तिने काही लिहिलं नाही. बाहेर जाऊन हिच्याशी बोलली. दार लोटलेलं होतं.

१२ एप्रिल, रविवार. सकाळी ११

ही दुकानातून लोखंडी पाटी घेऊन आली.

म्हटलं, गंमत करतेस का. म्हणाली, उभे राहा, पूर्ण वजन टाका, बसून मापलं तर पाय आखूड येतो. मी म्हटलं, उजवा सुजलाय, त्याचं माप खरं येणार नाही. म्हणाली, मग डावा ठेवा.

डावा: साडेनऊ.

म्हटलं, हाही सुजला असेल, सहानुभूतीने. तिने पुन्हा मापला. साडेनऊ. रुंदीची पट्टी सरकवली, ती शेवटच्या खुणेच्या बाहेर गेली. ती म्हणाली, वय वाढलं की पाय पसरतो, लांब होतो, दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांचं हेच आहे. म्हणून दर वेळी माप घ्यायचं, संध्याकाळी घ्यायचं, आणि दोन्ही पायांचं घ्यायचं, मोठ्या पायाला बूट द्यायचा. मी म्हटलं, हे तुला कोणी शिकवलं? म्हणाली, अर्ध्या नंबरने. तो वीस वर्षं सांगतोय.

मग पाटी पुसता पुसता म्हणाली, तुम्ही सव्वीस वर्षं लोकांच्या पायाशी बसलात. कधी पाय बघितलात का?

बाटली तळव्याखाली फिरवायची वेळ झाली होती.

दुपारी ४

बघितले नसतील. बूट बघत होतो.

१५ एप्रिल, बुधवार

क, ख, ग. घ अर्धा.

हिने साडेनऊचा कॅनव्हासचा बूट आणला, पुढून रुंद, टाचेला जाड. घालणार नाही म्हणून सांगितलं. ही दुकानात गेल्यावर घातला. बाल्कनीपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. बोटं आत हलत होती. बूट घातल्यावर बोटं हलतात ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. म्हणजे एकाने सांगितली होती, पण त्याचं मी ऐकत नाही.

ही यायच्या आत काढून ठेवला.

१८ एप्रिल, शनिवार

ट पर्यंत. टाच सकाळी कमी दुखली. बाटलीमुळे नसेल, हवामान बदललंय.

अर्धा नंबर भेटायला आला होता. तो उभाच होता, मी बसा म्हटलं. वीस वर्षांत त्याला बसा म्हटल्याचं आठवत नाही. त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण बसायला वेळ लागला. इकडचं तिकडचं बोललो. निघताना म्हणाला, मालक, परत या, पण सावकाश या. यातला कुठला भाग मनापासून होता ते कळलं नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

ज्ञ.

फिजिओ म्हणाली, जिना उतरायला हरकत नाही, काठी घेऊन, कठडा धरून. दिवसातून दोन-तीन तास, बहुतेक बसून. उकिडवं बसायचं नाही, शिडी कायमची बंद. मी सगळ्याला हो म्हटलं.

संकल्प: सोमवारी ताबा घेणे. पहिल्या दिवशीच सूचना क्र. १ ते ११ लागू.

२७ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ८

बावन्न पायऱ्या अकरा मिनिटांत उतरलो. तोंड पुढे.

दुकानाच्या दारात क्षणभर थांबलो, सगळ्यांचं लक्ष जावं म्हणून. गेलं. एका गिऱ्हाइकाने मला आत यायला वाट दिली आणि बसायला जागा करून दिली. माझं काउंटर भिंतीकडे गेलंय. तिथे लांब बाक आलाय. बाकावर पाच माणसं अनवाणी, पाय मोकळे सोडून, दवाखान्यात बसल्यासारखी शांत. ही एकेकाचा पाय पाटीवर घेत होती. खुर्ची शोधली, मिळाली नाही. ही म्हणाली, तुम्ही मोज्यांजवळ बसा, तिथे उठबस नाही.

मोजे कोपऱ्यात आहेत. मोजे बसून विकता येतात.

दार आपटत नव्हतं. त्याला रबर लावलंय.

ताबा घेण्याचा विषय काढला नाही. पहिल्याच दिवशी बरं दिसत नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

मोजे. दोघांनी विचारलं. एकाने घेतले.

२९ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ८.१५

ही माल बघायला गेली होती. अर्धा नंबर माळ्यावर. दुकानात मी एकटा असताना एक बाई आल्या. साठीच्या असतील. उंबऱ्यातच विचारलं, माप घेणाऱ्या बाई कुठे आहेत? म्हटलं, येतील तासाभरात. म्हणाल्या, थांबते. मग बाकावर बसून बोलायला लागल्या. मैत्रिणीने पाठवलं म्हणून आल्या, नाहीतर हे दुकान त्यांनी सोडलं होतं. बारा वर्षांपूर्वी इथे एक गृहस्थ होते. मुलाच्या लग्नासाठी त्यांनी जो जोड गळ्यात मारला, तो घालून लग्नभर उभ्या राहिल्या. टोचतोय म्हणून परत घेऊन आल्या तर त्या माणसाने पायाकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून अंगठा वाकडा होत गेला तो गेलाच. आता रात्री चादरीचा भारही सहन होत नाही.

मग इकडे तिकडे बघून त्यांनी विचारलं, आहेत का ते अजून?

म्हटलं, नाही. ते आता नसतात.

तासभर त्यांना थांबवणं बरं वाटेना. काठी बाजूला ठेवली. उकिडवं बसता येत नाही म्हणून बुटकं स्टूल ओढलं. त्यांना उभं केलं, वजन टाकायला सांगितलं. आधी डावा, मग उजवा. अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं, वरची कातडी लाल, चकचकीत. पट्टी सरकवताना तिथे लागू नये म्हणून मी बोट मध्ये धरलं. त्या सहा नंबर मागत होत्या. डावा सात निघाला, उजवा साडेसात. मी साडेसातचा काढला, पुढून रुंद, मऊ चामड्याचा, आणि दोन्ही पायांत घालून दाराकडे जाऊन या म्हटलं. त्या गेल्या, आल्या, परत गेल्या. दुसऱ्यांदा येताना त्यांनी भिंत सोडली होती.

खोका बांधून दिला. त्या म्हणाल्या, हात हलका आहे तुमचा. नवीन का इथे?

हो म्हटलं. सोमवारपासून.